फाल व्हेल स्टेशनावरची रात्र

१९२५ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या सेंट मार्टिन्स थिएटरात ‘द घोस्ट ट्रेन’ हे नाटक लागलं, तेव्हा रंगमंचावरच्या नटांपेक्षा विंगेतल्या माणसांची धावपळ जास्त होती. जमिनीवर ठरावीक अंतराने लाकडी पट्ट्या ठोकलेल्या होत्या आणि बागेतलं गवत दाबायचा अवजड लोखंडी रूळ एक जण त्यांच्यावरून ढकलत नेत होता. रुळांच्या सांध्यांवरून चाकं जाताना जो खडखडाट होतो, तो असा तयार व्हायचा. कुणी मोठ्या ढोलावर ठोके देत होतं, कुणी टांगलेला पत्रा हलवत होतं, कुणी तारेचा ब्रश ताशावर घासून वाफेचे फुत्कार काढत होतं. दाबलेल्या हवेचं नळकांडं होतं, शिट्ट्या होत्या, घंटा होती. या सगळ्यांनी ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या जोराने काम केलं, की प्रेक्षागृहातल्या माणसांना दूरवरून एक आगगाडी येताना ऐकू यायची. ती जवळ यायची, वेटिंग रूमच्या काचांवरून उजेडाचे पट्टे झरझर सरकायचे, भिंती हादरल्यासारख्या वाटायच्या आणि गाडी निघून जायची. रंगमंचावर गाडी मात्र कधीच आली नाही. त्या नाटकाचे लंडनमध्ये सहाशेहून अधिक प्रयोग झाले, आणि त्यातल्या एकाही प्रेक्षकाने ती गाडी पाहिली नाही.

याच नाटकावरून गेन्सबरो पिक्चर्सने १९४१ साली काढलेला चित्रपट या प्रस्तावनेचा विषय आहे. दिग्दर्शक वॉल्टर फोर्ड, मुख्य भूमिकांत आर्थर अ‍ॅस्की आणि रिचर्ड मर्डॉक. गुन्हा, भूत आणि विनोद यांची अशी मिसळण ब्रिटिश पडद्याला त्या काळात फार प्रिय होती आणि तिचे बरेच नमुने आज विस्मरणात गेले आहेत. हा गेला नाही, जाऊही नये. मात्र तो नीट पाहायचा तर त्याच्यामागचं नाटक आणि त्या नाटकामागचा माणूस, दोन्ही माहीत हवेत. कारण ही गोष्ट मुळातच लपवण्याची आहे. गाडी आवाजाच्या आड लपलेली, गुन्हा दंतकथेच्या आड लपलेला, आणि गुन्ह्याचा छडा लावणारा मूर्खपणाच्या आड. रंगभूमीला न दाखवण्याची सोय असते. कॅमेऱ्याकडून दाखवण्याची अपेक्षा असते. या चित्रपटाचं यशापयश मला या एकाच ओढाताणीत दिसतं.

नाटककार अर्नोल्ड रिडली. जन्म १८९६, बाथ शहरात. पहिल्या महायुद्धात तो पायदळात होता आणि १९१६ मध्ये सोमच्या लढाईत जबर जखमी झाला. खंदकातल्या हातघाईत डोक्यावर बंदुकीच्या दस्त्याचा घाव बसला, संगिनीच्या जखमा झाल्या, डावा हात जवळजवळ निकामी झाला. त्या डोक्यावरच्या घावामुळे पुढे अनेक वर्षं त्याला मधूनच शुद्ध हरपण्याचा त्रास होत राहिला. युद्धातून परतल्यावर तो बर्मिंगहॅम रेपर्टरीत नट म्हणून उभा राहिला, पण जखमांनी त्याला रंगमंच सोडायला लावला आणि तो बाथला वडिलांच्या बुटांच्या दुकानात काम करू लागला. तिशीच्या आतला, नाटकाच्या वेडाने पछाडलेला आणि शरीराने साथ सोडलेला तरुण. त्याने लिहायला घेतलं.

‘द घोस्ट ट्रेन’चं बीज त्याला ब्रिस्टलजवळच्या मँगॉट्सफील्ड नावाच्या जंक्शनवर सापडलं. पुढच्या गाडीची वाट पाहत तो तिथे अडकून पडला होता. या स्टेशनाची रचना समजून घेण्यासारखी आहे. बाथ, ब्रिस्टल आणि ग्लॉस्टर अशा तीन दिशांचे मार्ग तिथे त्रिकोणात जोडले गेले होते आणि स्टेशन त्या त्रिकोणाच्या एका बाजूला होतं. बाथहून थेट ग्लॉस्टरकडे जाणारी गाडी त्रिकोणाच्या दुसऱ्या बाजूने, फलाटाला न शिवता निघून जायची. फलाटावर बसलेल्या माणसाला मात्र ती एका अंगाने येताना ऐकू यायची, अगदी जवळून धडधडत गेल्यासारखी वाटायची आणि दुसऱ्या अंगाला विरून जायची. फलाटासमोरचे रूळ रिकामेच. रात्रीची वेळ, ओसाड स्टेशन, आणि समोरून जाऊनही न दिसलेली गाडी. सेंट मार्टिन्सच्या विंगेतल्या त्या सगळ्या खटाटोपाचं मूळ असं रेल्वेच्या आखणीत होतं. लेखकाने जे ऐकलं तेच त्याने प्रेक्षकांना ऐकवलं, आणि जे त्याला दिसलं नाही ते त्यांनाही दाखवलं नाही. हे मँगॉट्सफील्ड स्टेशन १९६६ मध्ये बंद झालं.

कथा साधी आहे. कॉर्नवॉलमधलं फाल व्हेल नावाचं आडवळणाचं जंक्शन. एका उतारूने टोपीसाठी साखळी ओढून गाडी थांबवल्यामुळे उशीर होतो आणि पुढची गाडी निघून गेलेली असते. आता सकाळपर्यंत काही नाही, आसपास वस्ती नाही. पाचसहा प्रवासी एका वेटिंग रूममध्ये रात्र काढायची म्हणून बसतात. स्टेशनमास्तर सॉल हॉजकिन त्यांना तिथे राहू नका म्हणून परोपरीने विनवतो आणि शेवटी कारण सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका रात्री, नदीवरचा फिरता पूल गाडीसाठी जागेवर आणायला निघालेला स्टेशनमास्तर वाटेतच कोसळला. पूल उघडाच राहिला आणि गाडी नदीत गेली. तेव्हापासून अधूनमधून रात्री ती गाडी या स्टेशनातून धावते. जो तिला पाहील तो जिवंत राहत नाही. एवढं सांगून, कंदील उचलून म्हातारा निघून जातो.

यापुढचं सांगितल्याशिवाय या चित्रपटाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते म्हणता येणार नाही. ज्यांना रहस्य कोरं हवं आहे त्यांनी इथे थांबून आधी चित्रपट पाहावा. जेमतेम दीड तासाचा आहे. मात्र रहस्य कळल्यावर त्याची गोडी कमी होत नाही, उलट दुसऱ्यांदा पाहताना खरी मजा कळते, असं माझं ठाम मत आहे.

भूत वगैरे काही नाही. गाडी खरी आहे. बंद पडलेल्या फाट्यावरून रात्री शस्त्रांची चोरटी वाहतूक चालते, आणि कुणी बघू नये म्हणून टोळीने ही भुताची आख्यायिका कामाला लावली आहे. गावातली माणसं दारं लावून घेतात, खिडकीतून डोकावत नाहीत, आवाज ऐकू आला तरी कानावर हात ठेवतात. गुन्हेगारांनी गाडी लपवलेली नाही, लोकांचे डोळे मिटवले आहेत. वेटिंग रूममध्ये त्या रात्री परके लोक अडकतात तेव्हा टोळीला त्यांच्यासाठी आख्खं नाटकच उभं करावं लागतं. ज्युलिया प्राइस नावाची भेदरलेली तरुणी धावत येते, तिच्यामागून तिची समजूत घालणारा भाऊ येतो, डॉक्टर येतो. ही तिन्ही माणसं टोळीतली आहेत. म्हणजे रंगमंचावर नट ज्यांची भूमिका करतात, ती माणसं स्वतःच भूमिका करत आहेत. बोगद्यातून प्रार्थनागीताचे सूर येतात, दाराशी प्रेत पडतं आणि थोड्या वेळाने नाहीसं होतं. रिडली नट होता आणि प्रेक्षकाला घाबरवायला काय काय लागतं याची एक यादीच त्याने आपल्या गुन्हेगारांच्या हाती दिली आहे. विंगेतला रूळ आणि पत्रा प्रेक्षकांना फसवतो, आणि टोळीची घंटा आणि कंदील प्रवाशांना.

या टोळीच्या नाटकाला पुरून उरणारा एकच नट त्या खोलीत आहे, टेडी डीकिन. मूळ नाटकात हा बावळट, बडबड्या, सगळ्यांना नकोसा झालेला तरुण आहे. भलत्या वेळी भलते विनोद करतो, बायकांशी लाडीगोडी लावतो, आणि त्याच्याच टोपीमुळे सगळ्यांची गाडी चुकलेली असल्याने प्रत्येक जण त्याच्यावर डाफरतो. शेवटी त्याच्या हातात पिस्तूल येतं आणि आवाज बदलतो. तो गुप्तचर आहे. पहिल्या अंकापासून त्याने केलेला प्रत्येक चावटपणा आता मागे वळून पाहावासा वाटतो. ती खिडकीतून उडालेली टोपीसुद्धा तेव्हा साधी टोपी उरत नाही, कारण त्या टोपीनेच तर त्याला, त्याच रात्री, त्याच खोलीत आणून बसवलं. शंभर वर्षांपूर्वीच्या एका नवख्या नाटककाराने हास्य आणि रहस्य यांना इतकं एकजीव केलं होतं. आपण ज्याला हसत होतो तोच आपल्यावर पाळत ठेवून होता, हे कळण्याचा तो क्षण नाटकाचा खरा कळस आहे. गाडीचा धडधडाट त्या मानाने दुय्यम.

चित्रपटवाल्यांनी हे नाटक लगेच उचललं. १९२७ मध्ये गेन्सबरोने जर्मन कंपनीबरोबर मूकपट काढला. गेझा फॉन बोल्वारी दिग्दर्शक. आवाजावर जगणारं नाटक आणि मूकपट! हा चित्रपट ऐकून नव्हे, पाहून घाबरवायचा होता, म्हणजे नाटकाच्या नेमकं उलट. १९३१ मध्ये बोलपट आला, वॉल्टर फोर्डच्याच दिग्दर्शनाखाली, आणि जॅक हलबर्ट, सिसिली कोर्टनीज या त्या काळच्या गाजलेल्या जोडीला घेऊन. त्याचं काही चित्रीकरण बाथजवळ कॅमर्टनच्या फाट्यावर झालं, रिडलीच्या घरापासून फार लांब नाही. या चित्रपटाचे आज तुकडेच उरले आहेत, काही रिळं चित्राची आणि त्याहून कमी आवाजाची. फोर्ड स्वतः मूकपटांतला विनोदी नट होता आणि रेल्वे हा त्याच्या हातखंड्याचा विषय. पुढच्याच वर्षी त्याने ‘रोम एक्सप्रेस’ काढला आणि आगगाडीत घडणाऱ्या ब्रिटिश रहस्यपटांची जी माळ सुरू झाली, तिच्यात पुढे हिचकॉकचा ‘द लेडी व्हॅनिशेस’ ओवला गेला.

मधल्या काळात रिडलीची कल्पना आणखी एका वाटेने पडद्यावर जाऊन आली होती. १९३७ चा ‘ओ, मिस्टर पोर्टर!’ हा विल हे या विनोदवीराचा चित्रपट. आयर्लंडमधलं पडीक स्टेशन, त्याची भुताची दंतकथा, आणि त्या दंतकथेच्या आडून शस्त्रांची ने-आण. त्याची पटकथा लिहिणारे तिघे म्हणजे जे. ओ. सी. ऑर्टन, मॅरियट एडगर आणि व्हॅल गेस्ट. आणि १९४१ च्या ‘द घोस्ट ट्रेन’ची पटकथा लिहिणारेही हेच तिघे. म्हणजे पुतण्याला आधी भेटून मग काकांकडे गेलेली ही मंडळी होती. त्यांना या कथेतून हसू कसं काढायचं ते अंगवळणी पडलं होतं, आणि मला वाटतं अडचण तिथेच होती.

अडचण समजायला अ‍ॅस्की आणि मर्डॉक कोण हे सांगायला हवं. आर्थर अ‍ॅस्की लिव्हरपूलचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा, पाच फुटांच्या आसपास उंचीचा, क्षणभर स्वस्थ न बसणारा विनोदी नट. रिचर्ड मर्डॉक उंच, देखणा, मऊ बोलणारा. बीबीसीच्या ‘बँड वॅगन’ या रेडिओ कार्यक्रमाने १९३८ पासून या जोडीला घराघरात पोचवलं होतं. बीबीसीच्या लंडनमधल्या मुख्यालयाच्या गच्चीवर हे दोघे बिऱ्हाड करून राहतात आणि सोबत लुईस नावाची बकरी आहे, अशी त्यातली बतावणी. देशभरातले श्रोते त्या गच्चीवरच्या संसारावर आणि कुणीच कधी न पाहिलेल्या त्या बकरीवर खूश होते.

याच जोडीला घेऊन फोर्डने १९४० मध्ये ‘चार्लीज आंट’ या जुन्या फार्सवरून चित्रपट केला होता. ब्रँडन थॉमसचं हे १८९२ चं नाटक मराठी रसिकांना अनोळखी नाही. आचार्य अत्र्यांनी त्याचीच ‘मोरूची मावशी’ केली आणि पुढे विजय चव्हाणांनी ती मावशी घराघरात नेली. ज्याने मावशीचं लुगडं नेसवलेला विनोदी नट एकदा मनसोक्त पाहिला आहे त्याला अ‍ॅस्कीची जातकुळी ओळखता येईल. तो भूमिकेत शिरत नाही, भूमिका त्याच्या अंगावर चढवलेली असते आणि तो तिच्यातून सतत बाहेर डोकावतो. प्रेक्षक अ‍ॅस्कीला बघायलाच आलेले असतात.

आता अशा नटाला टेडी डीकिन दिला तर काय होईल? शेवटी त्याच्या हातात पिस्तूल देऊन, हा आतून धारदार गुप्तचर होता असं सांगितलं, तर कोण विश्वास ठेवील? पटकथाकारांनी यावर जो तोडगा काढला तो या चित्रपटाविषयीचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे. त्यांनी एका माणसाचे दोन केले. बावळटपणा, बडबड, टोपी आणि साखळी हे सगळं टॉमी गँडर नावाच्या विनोदी नटाकडे, म्हणजे अ‍ॅस्कीकडे गेलं. डीकिन हे नाव, ते पिस्तूल आणि ते गुपित मर्डॉककडे राहिलं.

नुकसान मोठं झालं. टोपी उडते ती आता खरोखरच उडते. साखळी ओढली जाते ती निव्वळ वेडेपणाने. गँडरच्या चाळ्यांमागे काही नाही, शेवटीही काही निघत नाही, आणि म्हणून त्याचा विनोद कथेला चिकटत नाही. तो तिच्या वाटेत उभा राहतो. स्टेशनमास्तर जीव ओतून कहाणी सांगतो आहे, हवा गार पडली आहे, आणि गँडर मध्येच काहीतरी करून ती घालवतो. असं दोनचार वेळा घडतं तेव्हा मला अ‍ॅस्कीचा राग येतो, आणि हा राग रास्त आहे असं मी मानतो. मूळ नाटकात हाच राग प्रेक्षकाला येत असे, पण त्याची भरपाई शेवटी व्याजासकट होत असे.

एवढं मान्य करूनही मर्डॉकच्या डीकिनबद्दल एक चांगली गोष्ट सांगायला हवी, कारण ती बहुधा नजरेतून निसटते. गँडरच्या गोंगाटामुळे मर्डॉकला लपायला जागा मिळाली आहे. सगळं लक्ष बुटक्याकडे असताना हा उंच माणूस बाजूला उभा राहून, हलकं हसत, जे काय चाललं आहे ते बघत असतो. नाटकात एक मूर्ख स्वतःलाच पडदा करून घेत होता, चित्रपटात एक मूर्ख दुसऱ्याचा पडदा झाला आहे. पटकथाकारांनी हे जाणूनबुजून केलं असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण मर्डॉकने ते ओळखलं आहे आणि त्या मोकळ्या जागेत फार संयमाने काम केलं आहे.

दुसरा मोठा बदल खलनायकांचा. १९२५ च्या नाटकात शस्त्रं रशियाकडून येतात, ती इंग्लंडात क्रांती घडवू पाहणाऱ्यांसाठी. पहिल्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश मध्यमवर्गाला पडणारं हे दुःस्वप्न होतं. १९४१ मध्ये ते चाललं नसतं. आता टोळी नाझींसाठी काम करणाऱ्या घरभेद्यांची झाली. हा बदल अगदी वेळेवर झाला, कारण चित्रपट आला त्या वसंतानंतर लगेच, जूनमध्ये, हिटलरने रशियावर स्वारी केली आणि रशिया ब्रिटनचा दोस्त झाला.

हा बदल वरवरचा समजू नये. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर ब्रिटनमध्ये आतल्या शत्रूची धास्ती खरोखर घराघरात होती. शत्रूचे छत्रीधारी सैनिक उतरले तर त्यांना वाट सापडू नये म्हणून रस्त्यांवरच्या पाट्या आणि स्टेशनांची नावं काढून टाकली होती. चर्चच्या घंटा बंद होत्या. त्या वाजल्या तर स्वारी झाली असं समजायचं. रात्री दिवे झाकलेले. नाव नसलेल्या, अंधाऱ्या स्टेशनावर, उशिरा धावणाऱ्या गाडीची वाट बघत अनोळखी माणसांबरोबर बसणं हे त्या प्रेक्षकांचं रोजचं जगणं होतं. रिडलीने सोळा वर्षांपूर्वी लिहिलेली खोली, न बदलता, युद्धकाळातली खोली होऊन बसली होती. अवचित वाजणारी घंटा, शेजारी बसलेला गोड बोलणारा डॉक्टर, आणि खिडकीबाहेर पाहू नका असं बजावणारा आवाज यांचा अर्थ त्या प्रेक्षकांना सांगावा लागला नसेल. स्वतः रिडली १९३९ मध्ये पुन्हा सैन्यात दाखल होऊन फ्रान्सला गेला होता आणि १९४० मध्ये बूलोन्यहून कसाबसा परतला होता.

चित्रपटात दोन माणसं अशी आहेत की केवळ त्यांच्यासाठी तो पाहावा. पहिला हर्बर्ट लोमस, स्टेशनमास्तर हॉजकिन. उंच, वाळका, खोल गेलेल्या डोळ्यांचा हा नट दंतकथा सांगतो तेव्हा फोर्डने एक शहाणपण केलं आहे. तो अपघात दाखवायच्या मोहात पडलेला नाही. जुनी गाडी नाही, पूल नाही, नदी नाही. म्हाताऱ्याचा चेहरा, कंदिलाचा उजेड, आणि तो घोगरा, सावकाश चालणारा आवाज. ऐकणाऱ्यांचे चेहरे एकेक करून बदलत जातात. गँडरसुद्धा क्षणभर गप्प होतो. हा माणूस खोटं बोलतो आहे की त्याचा खरोखर विश्वास आहे, हे कळायला वाव राहत नाही आणि तो वाव नसणंच बरोबर आहे. इथे रंगभूमी जशीच्या तशी पडद्यावर आली आहे आणि चित्रपट त्यामुळे जराही थांबल्यासारखा वाटत नाही.

दुसरी कॅथलीन हॅरिसन, मिस बोर्न. पिंजऱ्यातला पोपट घेऊन निघालेली, प्रौढ, एकटी, नीतिनियमांची पक्की बाई. दारूला स्पर्श न केलेली ही बाई भीतीवर उतारा म्हणून ब्रँडीचा घोट घेते आणि मग आणखी घेत जाते. हे दृश्य कितीतरी नटींनी ओरबाडून टाकलं असतं. हॅरिसन एकेका घोटाने तिचं अवघडलेपण उतरवत नेते. आधी खांदे सैल होतात, मग हॅट थोडी सरकते, मग चेहऱ्यावर एक लहान मुलीसारखं कुतूहल येतं. बाहेर प्रलय होतो तेव्हा ही बाई बाकावर गाढ झोपलेली असते. आपण तिला हसतो आणि त्याच वेळी आपल्याला तिची काळजी वाटत असते. अ‍ॅस्कीचा विनोद जे करू शकला नाही ते हॅरिसन फारसं न बोलता करून जाते, कारण तिचं हसू त्या रात्रीतूनच उगवलेलं आहे.

रेमंड हंटली, ज्युलियाचा भाऊ, याचाही उल्लेख करायला हवा. विशीत असतानाच लंडनच्या रंगमंचावर ड्रॅक्युला साकारलेला हा नट. त्याच्या सभ्य, कंटाळलेल्या बोलण्यात जी किंचित थंडी आहे तिचं मूळ बहुधा तिथे असावं. लिंडन ट्रॅव्हर्सची ज्युलिया धावत खोलीत येते तेव्हापासून काच फोडून गाडी पाहते आणि कोसळते तिथपर्यंत पूर्ण पट्टीत ओरडत असते. पहिल्यांदा पाहताना ते फार भडक वाटेल. ज्युलिया टोळीतली आहे हे कळल्यावर पुन्हा पाहा. ती बाई अभिनय करते आहे, आणि थोडा जास्तच करते आहे, हे ट्रॅव्हर्सने नेमकं पकडलं आहे.

गाडीचं काय? पहिल्यांदा ती येते तेव्हा फोर्ड खोलीतून बाहेर पडत नाही. काचांवरून उजेड धावतो, चेहरे उजळतात आणि विझतात, आणि आवाज चढत जाऊन डोक्यावर कोसळतो. १९२५ च्या विंगेत एक माणूस रूळ ढकलत होता. इथे ध्वनिपट आहे, पण योजना रिडलीचीच आहे आणि आजही ती अंगावर काटा आणते. शेवटी मात्र चित्रपट बाहेर जातो. गाडी दिसते, रात्रीतून धावत फिरत्या पुलाकडे जाते, पूल उघडा आहे, आणि दंतकथेत सांगितलं तेच शस्त्रांनी भरलेल्या खऱ्या गाडीचं होतं. नाटकाला हे शक्य नव्हतं. प्रेक्षकांना १९४१ मध्ये शत्रूची गाडी नदीत जाताना बघायची होती आणि ती त्यांना दाखवणं योग्यच होतं. तरी काचांवरच्या त्या उजेडापुढे ही खरी गाडी मला फिकी वाटते.

रिडलीने पुढेही बरंच लिहिलं, एकूण तीसहून अधिक नाटकं, पण या एका नाटकाची सर कशालाच आली नाही. हौशी मंडळ्या ते ब्रिटनभर आजही करतात. तो स्वतः मात्र नट म्हणून दुसऱ्यांदा ओळखला गेला तो सत्तरी ओलांडल्यावर. १९६८ ते १९७७ या काळात बीबीसीवर चाललेल्या ‘डॅड्स आर्मी’ या मालिकेत गृहरक्षक दलातल्या म्हाताऱ्या, मऊ स्वभावाच्या, सतत परवानगी मागून बाजूला जाणाऱ्या गॉडफ्रीची भूमिका त्याने केली. मालिकेच्या एका भागात उघड होतं की पहिल्या महायुद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेला हा गॉडफ्री सोमच्या रणभूमीवर जखमींना उचलून आणायचं काम करत होता आणि त्याला त्याबद्दल शौर्यपदक मिळालं होतं. भूमिका करणारा माणूस त्याच रणभूमीवर घायाळ झाला होता, हे पाहणाऱ्या कोट्यवधी लोकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १९८४ मध्ये तो गेला. सेंट मार्टिन्स थिएटर अजून आहे. १९७४ पासून तिथे अ‍ॅगाथा ख्रिस्तीचं ‘द माऊसट्रॅप’ चालू आहे.

चित्रपट पाहायला बसताना दोन गोष्टी कराव्यात. आवाज लहान ठेवू नये. मोबाइलच्या स्पीकरवर हा चित्रपट पाहणं म्हणजे तो न पाहणंच. आणि सुरुवातीच्या डब्यातल्या प्रसंगांत, अ‍ॅस्कीची धमाल चालू असताना, नजर मर्डॉकवर ठेवावी. तो कुणाकडे पाहतो, कुणी काय म्हटल्यावर त्याचं हसू किंचित मागे जातं, फाल व्हेलला उतरावं लागणार हे कळल्यावर इतरांसारखा तो का वैतागत नाही, हे सगळं तिथे उघड्यावर मांडून ठेवलेलं आहे.